ओरडणं बंद झालं, मग राग कुठं गेला?

जून सरला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. 21 जूनच्या योग दिनाला हौसेनं चटई अंथरलेले येतात, तसे वर्षानुवर्षं नेमानं आसनं करणारेही येतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शिक्षिका असोत की मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, गाऱ्हाणं एकच: "मॅडम, एवढा योग करतोय, तरी राग काय जात नाही." प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकाची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

त्यांना अण्णा म्हणू. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटं मशीन शॉप. वहिनींना घेऊन आले होते. खरं तर वहिनींनीच आणलं होतं.

"पहाटे पाचला रंकाळ्यावर असतोय. सूर्यनमस्कार, कपालभाती, शेवटी शवासन. खाडा नाही. ओरडणं तर बंदच केलंय. पण आत नुसतं धुमसतंय बघा. झोप नाही, छातीत जळजळ."

जळजळीसाठी आधी डॉक्टरांकडे धाडलं. छातीचं दुखणं समुपदेशकाकडे घेऊन बसू नये, हे इथंच सांगून टाकते. तपासण्या ठीक निघाल्या. पुढच्या काही भेटी कामगार, बँक आणि पोरगा यांच्या तक्रारीत गेल्या. मी ऐकत होते, पण डोक्यात एक प्रश्न घोळत होता. शेवटी विचारला.

"अण्णा, शॉपमध्ये आता कोण ओरडतं?"

"फोरमन हाय की! त्याला सांगूनच ठेवलंय. मी केबिनमधून बाहेर येतच नाही."

"आणि घरात पोराला?"

अण्णांच्या आधी वहिनी बोलल्या. "मला सांगतात, 'झाप त्याला जरा'. आणि आपण पेपर घेऊन बसतात. पण मी झापत असते ना मॅडम, तवर पेपरचं पान उलटत नाही."

अण्णा हसायला गेले आणि मधेच थांबले. चष्मा काढून पुसत बसले. मी काही बोलले नाही. अशा वेळी तोंड आवरणं हे आमच्या कामातलं निम्मं कसब. बऱ्याच वेळानं म्हणाले, "खरं हाय. ऐकायला बरं वाटतंय."

माझा ओढा पतंजलींकडे आहे, तो लपवत नाही. लोक त्यांच्या योगसूत्रांचं नाव घेतात आणि आसनं करतात. त्या 195-196 सूत्रांत थेट आसनाबद्दलची सूत्रं जेमतेम 3. योगाच्या आठ अंगांत आसनाआधी यम-नियम, म्हणजे वागण्याची शिस्त, येतात आणि यमांत पहिली अहिंसा. दुसऱ्या पादातलं 34वं सूत्र तर अण्णांच्या केबिनमध्ये बसून लिहिल्यासारखं आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा दुसऱ्यानं केल्यावर मनातून मान्य केलेली, तिन्ही खाती आपल्याच नावावर. कृत, कारित, अनुमोदित. त्यामागं लोभ, क्रोध किंवा मोह. जोर कधी थोडा, कधी मध्यम, कधी फार. सूत्रांवरच्या व्यासभाष्यात या हिशेबानं हिंसेचे 27 प्रकार मोजले आहेत, आणि भाष्यकार तिथंही न थांबता 81 पर्यंत जातात. अण्णांनी त्यातला एक बंद केला आणि राग जिंकला असं समजले. फोरमन आणि वहिनी त्यांचा राग वाहत होते आणि केबिनमध्ये जळजळ मात्र अण्णांची.

मोहाचा भाष्यातला दाखला मला फार आवडतो: यातून मला धर्म लाभेल, या समजुतीनं केलेली हिंसा. हेच आपल्या घरात 'तुझ्या भल्यासाठीच बोलतोय' या रूपात नांदतं. आईबापांनी हे वाक्य तोंडून निघण्याआधी जरा तपासावं. रागानं बोललेलं निदान राग म्हणून ओळखू येतं; हे ओळखूच येत नाही.

मग करायचं काय? उपाय प्रतिपक्षभावनेचा. त्याचा अर्थ हल्ली 'चांगलं-चांगलं चिंतावं' असा लावतात. मला तो पटत नाही. सूत्र सांगतं ते रोखठोक आहे: याचं फळ दुःख आणि अज्ञान, आणि ते संपत नाही, हे डोळ्यांसमोर आणायचं. म्हणून अण्णांना म्हटलं, "फोरमन ज्या दिवशी ओरडेल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शॉपमध्ये काय-काय झालं ते वहीत लिहा. राग आवरायचा नाही, नुसतं लिहायचं."

काही आठवड्यांनी आले ते खिशातून एक बुश, म्हणजे यंत्रात बसवायचा पोकळ गोल तुकडा, काढून माझ्या टेबलावर ठेवत. आतलं भोक मापापेक्षा मोठं झालेलं, चिंधीत गुंडाळलेलं, तेलकट.

"हे बघा फळ. लेथच्या किसाखाली असली बाचकंभर निघाली. पहिल्या जॉबलाच ऑफसेट, म्हंजे मशीनला दिलेलं माप, चुकलेला ऑपरेटर पोराला कळलं होतं. शिव्या नकोत म्हणून गप बसला आणि झाकत गेला."

दुःख आणि अज्ञान दोन्ही त्या बाचक्यात होतं. माल गेला तो गेलाच, वर आपल्या शॉपमध्ये काय चाललंय हे मालकालाच ठाऊक नाही. मी तासभर बोलून जे पटलं नसतं ते एका बुशनं पटवलं. पण वही लिहायला लावली होती मी, एवढं श्रेय घेते.

तुम्हीही योग करत असाल आणि राग जात नसेल तर आसनं सोडू नका, वाढवूही नका. आठवडाभर फक्त बघा, तुमच्या वतीनं कोण ओरडतंय. सासू सुनेला बोलते तेव्हा शांत बसलेल्या मुलाला आतून कसं वाटतं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी शेजाऱ्याला सुनावलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत का? जे बोलायचं ते स्वतः, समोर आणि एकदाच बोला. थोडा आवाज चढला तरी चालेल, ते खातं निदान उघड असतं. मात्र घरात हात उगारला जात असेल तर तिथं वह्या लिहीत बसू नये, तातडीनं मदत घ्यावी.

पोराच्या बाबतीत अण्णांचं गाडं अजून अडलंय. पेपर बाजूला ठेवतात, पण बोलायला शब्द सापडत नाहीत. शॉपमध्ये मात्र ऑपरेटरशी स्वतः बोलतात. फोरमन नाराज आहे म्हणे. "मालक, मग मी करायचं काय?" असं विचारत होता.

"मग काय सांगितलंत?"

"मापं तपास म्हटलं."