ड्रॅगन, हत्ती आणि सातोरी डोंगराचा स्वामी: वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न 'द लेजंड ऑफ झेल्डा' मालिकेतल्या दोन गेम्सबद्दल आहेत: 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (मार्च २०१७) आणि तिचा पुढचा भाग 'टिअर्स ऑफ द किंगडम' (मे २०२३). हायरूल राज्याची राखण करणारे प्राणी नेमके कोण, यावर चाहत्यांच्या अटकळी अजून थांबलेल्या नाहीत. दुसरा भाग ज्यांचा खेळून व्हायचा आहे त्यांनी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोडून पुढे जावं. त्यात कथेचं मुख्य रहस्य उघड होतं.

वाह रूटा हा यांत्रिक हत्ती झोरांच्या (पाण्यात राहणाऱ्या जमातीच्या) प्रदेशात सतत पाऊस पाडतो. हत्ती आणि पाऊस म्हणजे सरळ ऐरावतच झाला ना? शिवाय 'वाह' हे 'वाहन'वरून आलं असेल का? (नाशिक)

भारतीय खेळाडूला हे सुचणं अगदी स्वाभाविक आहे. ऐरावत इंद्राचा, इंद्र पावसाचा. गजलक्ष्मीच्या शिल्पात हत्ती सोंडेने पाणी ओततात, वेरूळच्या कैलास लेण्यात आत शिरल्यावर समोर तेच शिल्प आहे. रूटाही सोंड वर करून पाणी उडवतो. चित्र जुळतं, यात वाद नाही.

पण जुळणं वेगळं आणि तिथून आलेलं असणं वेगळं. नावाचा उगम गेमनेच सांगून ठेवला आहे. झोरांच्या वस्तीभोवतीचे शिलालेख वाचा. रूटो नावाच्या झोरा राजकन्येच्या सन्मानार्थ हे नाव दिलं, असं तिथे कोरलेलं आहे. ही रूटो १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मधली. असे यांत्रिक प्राणी एकूण चार आहेत. बाकी तिघांची नावंही तशीच जुन्या पात्रांकडे जातात: रुडानिया दारुनियाकडे, नाबोरिस नाबूरूकडे आणि मेडो 'विंड वेकर' या मालिकेतल्याच गेममधल्या मेडलीकडे. 'वाह' चौघांच्याही नावाआधी लागतो आणि त्याचा अर्थ गेममध्ये कुठेच दिलेला नाही. पक्षी, सरडा आणि उंट यांनाही तोच शब्द असल्यामुळे एकट्या हत्तीसाठी 'वाहन' काढणं ओढूनताणून होतं. ऐरावत हे साम्य म्हणून जरूर मांडा, पुरावा म्हणून मांडू नका.

याच वाचकांनी रूटावर चढताना बाण संपतात असंही कळवलं आहे. झोरांचा राजपुत्र सिडन २० विजेचे बाण आणायला सांगतो. ते प्लॉयमस डोंगरावर झाडांत आणि खडकांत रुतलेले मिळतात. तिथे फिरणाऱ्या लायनेल या बलाढ्य राक्षसाशी लढायची गरज नाही, वाकून चालत त्याची पाठ वळेपर्यंत थांबा. जलाशयात उतरताना झोरा चिलखत अंगावर हवंच, कारण त्याशिवाय रूटाच्या अंगावरून पडणाऱ्या धबधब्यातून वर जाता येत नाही. रूटा बर्फाचे ठोकळे फेकतो तेव्हा बाण वाया घालवू नका, क्रायोनिस या बर्फाच्या शक्तीने ते फोडा. नेम फक्त पाठीवरच्या चार गुलाबी गोळ्यांवर धरायचा. धबधब्याच्या माथ्यावरून उसळी घेतल्यावर हवेत असतानाच धनुष्य ताणलं तर वेळ मंदावते आणि नेम चुकत नाही. पाण्यात परत पडल्यावर घाईघाईने नेम धरायला गेलं की बाण संपतात.

गेममधले 'गार्डियन' म्हणजेच हे रक्षक प्राणी का? मित्रांशी वाद झाला. (लातूर)

नाही. गेममध्ये 'गार्डियन' हा शब्द शेइका या प्राचीन जमातीने बनवलेल्या, बहुपायी, लेसर सोडणाऱ्या यंत्रांसाठी आहे. रूटा आणि बाकीचे तीन हे 'दिव्य पशू'. तेही १०,००० वर्षांपूर्वीची यंत्रंच आहेत, जिवंत प्राणी नव्हेत. जिवंत रक्षक म्हणावेत असे दोनच: तीन ड्रॅगन आणि सातोरी डोंगराचा स्वामी. अर्ध्या अटकळी या दोन गटांची सरमिसळ झाल्यामुळे भरकटतात.

डिनराल, नायड्रा आणि फारोश हे ड्रॅगन मुळात माणसं होती असं ठामपणे सांगितलं जातं. खरं आहे का? (पुणे, कोल्हापूर आणि बोस्टनहून तीन पत्रं)

आधी हा तर्क उभा कशावर आहे ते पाहू. दुसऱ्या भागात मिनेरू ही प्राचीन ज्ञानी स्त्री सांगते की गुप्त रत्न गिळणारा माणूस अमर ड्रॅगन होतो, पण स्वतःला कायमचा हरवून बसतो, म्हणून ते निषिद्ध आहे. राजकन्या झेल्डा तेच करते आणि प्रकाश-ड्रॅगन होते. शेवटी खलनायक गॅननडॉर्फही रत्न गिळतो. मग ड्रॅगन होण्याची वाट हीच असेल, तर आधीचे तिघे कुठून आले? प्रश्न रास्त आहे. तिघेही लिंककडे, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाकडे, ढुंकून बघत नाहीत, हे 'स्वतःला हरवणं' या वर्णनाशी जुळतं. अंगाची ठेवणही एकच: लांब सर्पाकृती शरीर आणि चार पाय.

आता दुसरी बाजू. नावं पाहा. डिनरालमध्ये डिन, नायड्रामध्ये नायरू, फारोशमध्ये फारोरे. या मालिकेतल्या तीन सृष्टिकर्त्या देवी. प्रत्येक ड्रॅगन एकेका झऱ्याशी बांधलेला आहे: शक्तीचा झरा डिनरालचा, ज्ञानाचा नायड्राचा, धैर्याचा फारोशचा. पहिल्या भागात लानायरू पर्वतावर नायड्राच्या अंगावरचा काळा मळ काढायचा प्रसंग येतो, तेव्हा नायड्राची ओळख ज्ञानाच्या झऱ्याची सेवा करणारा आत्मा अशी करून दिली जाते. माणसाचा उल्लेख त्यात नाही.

सर्वांत वजनदार गोष्ट आमच्या मते वेगळीच आहे आणि ती कोणालाही तपासता येते. प्रकाश-ड्रॅगनच्या पाठीवर जाऊन उभे राहा. आयाळ सोनेरी आहे, संगीतात झेल्डाची ओळखीची सुरावट मिसळलेली आहे आणि तो कायम आकाशातच फिरतो. आता फारोशच्या पाठीवर जा. तिथे कोणा एका व्यक्तीची म्हणावी अशी खूण सापडत नाही, आणि हे तिघे दरीतून खाली पाताळातही उतरतात. झेल्डाच्या बाबतीत निर्मात्यांनी जागोजागी खुणा पेरल्या. बाकी तिघे माणसं असती तर एखादी तरी खूण ठेवली असती. म्हणून हा तर्क अशक्य नसला तरी अजून कमकुवत आहे, असं आमचं मत. 'ठामपणे' सांगण्याइतका आधार नक्कीच नाही.

प्रकाश-ड्रॅगनच्या डोक्यावरची तलवार उपसताना अडकलेल्यांसाठी एक गोष्ट. स्टॅमिनाची (दमाची) दोन पूर्ण वर्तुळं लागतात. औषध पिऊन मिळालेला पिवळा जादा स्टॅमिना मोजला जात नाही. सुरुवातीच्या एका वर्तुळावरून दोनवर जायला पाच वेळा वाढवावं लागतं, दर वेळी चार आशीर्वाद (एका मंदिरात एक मिळतो), म्हणजे २० मंदिरं.

झऱ्यापाशी ड्रॅगनचं खवलं टाकलं तरी काहीच होत नाही. (सातारा)

तुम्ही कोणता भाग खेळताय ते कळवलेलं नाही, आणि बहुधा गोम तिथेच आहे. पहिल्या भागात तिन्ही झऱ्यांना खवलं लागतं. दुसऱ्या भागातल्या देवीमूर्तींना नखं लागतात. जुन्या सवयीने खवलं घेऊन गेलात तर मूर्ती गप्प राहते. जोडीही चुकवू नका, फारोशची वस्तू फक्त धैर्याच्या झऱ्याला चालते. तिसरी चूक टाकण्याची: वस्तू हातात घेऊन मूर्तीसमोरच्या कट्ट्याच्या कडेला उभे राहा आणि अलगद सोडा, म्हणजे ती पाण्यातच पडेल. दुरून फेकली की दगडावर राहते.

शिंगाचा तुकडा हवा असतो, पण दर वेळी खवलंच मिळतं. (डोंबिवली)

बाण जिथे लागतो त्यावर वस्तू ठरते: अंगावर खवलं, पायावर नख, तोंडात दाताचा तुकडा, शिंगावर शिंगाचा. शिंग हे सर्वांत लहान लक्ष्य आणि ड्रॅगन उडता उडता डोकं डोलवतो, म्हणून बाण मानेत जातो. बाजूने मारू नका. ड्रॅगनभोवती वर जाणारा वारा असतो, त्यावर तरंगत डोक्याच्या पुढे आणि किंचित वर या, छत्री (पॅराग्लायडर) मिटून धनुष्य ताणा. वेळ मंदावलेली असताना स्टॅमिना झपाट्याने उतरतो, तेव्हा आधी तो पूर्ण भरलेला ठेवा. एकदम तीन किंवा पाच बाण सोडणारं धनुष्य इथे नडतं. वस्तू एका वेळी एकच मिळते आणि पाचातला अंगाला लागलेला पहिला बाण खवलं देऊन मोकळा होतो. एकच बाण सोडणारं धनुष्य घ्या.

तुकडा चमकत खाली पडतो. लगेच मागे धावू नका, हवेतच राहून तो कुठे टेकतो ते पाहा आणि तिथे पिन लावा. पहिल्या भागात त्यानंतर ड्रॅगन पुन्हा यायची वाट पाहावी लागते. दुसऱ्या भागात घड्याळाची खरी १० मिनिटं थांबलात की तोच ड्रॅगन पुन्हा वस्तू देतो, आणि पाठीवरच्या काट्यांचे तुकडे तर बाणाशिवाय चालत जाऊन उचलता येतात. नायड्राजवळ थंडीचे कपडे लागतात. फारोशभोवती तरंगणाऱ्या विजेच्या गोळ्यांपासून दूर राहा, ड्रॅगन स्वतः हल्ला करत नाही.

एवढ्या कष्टाने मिळवलेलं शिंग विकून टाकू नका. स्वयंपाकात एक तुकडा घातला की पदार्थाचा प्रभाव ३० मिनिटं टिकतो. चार 'मायटी' केळी आणि एक शिंगाचा तुकडा शिजवला की हल्ल्याची ताकद तिसऱ्या पातळीवर जाते आणि अर्धा तास तशीच राहते. केळ्यांबरोबर थंडीवरची किंवा वेगाची सामग्री मात्र घालू नका. दोन निरनिराळे गुण एकत्र आले की दोन्ही रद्द होतात आणि शिंग फुकट जातं.

सातोरी डोंगराचा स्वामी म्हणजे निन्टेन्डोचे दिवंगत अध्यक्ष सातोरू इवाता, हे निर्मात्यांनी मान्य केलं आहे का? (ठाणे)

गेममध्ये इवातांचं नाव कुठेही येत नाही. आधार आहे तो गेममधल्या प्राणिकोशातल्या नोंदीचा. लिंक या प्राण्याचा फोटो काढतो तेव्हा उघडणाऱ्या नोंदीत लिहिलं आहे की तो रानातल्या सगळ्या प्राण्यांवर लक्ष ठेवतो, आणि जिथे तो राखण करतो त्याच भूमीवर मरण पावलेल्या एका ज्ञानी पुरुषाचा तो पुनर्जन्म आहे, अशी आख्यायिका आहे. त्याचं दुसरं नाव सातोरी. इवाता ११ जुलै २०१५ला गेले, तेव्हा हा गेम तयार होत होता. हे सगळं ओळीने वाचलं की मन त्याच दिशेला जातं.

तरी दुसरा अर्थही समोर ठेवावा. जपानी भाषेत 'सातोरी' म्हणजे बोध, साक्षात्कार. जपानी लोककथांत त्याच नावाचा, डोंगरात राहणारा आणि माणसाच्या मनातलं ओळखणारा जीवही आहे. नोंदीत या प्राण्याला भोवतालची तीक्ष्ण जाण असल्यामुळे तो सहसा माणसांसमोर येत नाही असं म्हटलं आहे, ते या लोककथेला तंतोतंत लागू पडतं. म्हणजे इवाता नसते तरी हे नाव इथे शोभलं असतं. आमचं मत असं की चाहत्यांच्या सगळ्या तर्कांत हा सर्वांत हृद्य आणि बऱ्यापैकी भक्कम आहे, कारण तो स्पष्ट लिहिलेल्या मजकुरावर उभा आहे. त्याला श्रद्धांजली समजून त्या तळ्याकाठी थांबणाऱ्याला आम्ही चूक म्हणणार नाही.

त्याला पाहायचं असेल तर पहिल्या भागात रात्री लांबून सातोरी डोंगराकडे नजर टाका. माथ्यावर निळसर हिरवा उजेड दिसला तरच जा, तो रोज नसतो. वर चेरीचं फुललेलं झाड आणि तळं आहे, भोवती ब्लूपी नावाचे चमकणारे ससे. बाण मारला की ते रुपी (गेममधलं चलन) टाकतात, पण आधी फोटो काढा, नाहीतर गोंधळ होऊन सगळेच पळतात. पावलांचा आवाज कमी करणारा शेइका पोशाख घालून मागून जा. पाठीवर बसल्यावर तो इतका उसळतो की साध्या स्टॅमिनावर टिकाव लागत नाही, स्टॅमिना भरणारी दोन-तीन औषधं जवळ ठेवा. तबेल्यात नोंदवायला नेऊ नका, तिथे नकारच मिळतो.

दुसऱ्या भागात दिव्य पशू गेले कुठे? (गोवा)

दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी एका मुलाखतीत सांगितलं की संकट मिटल्यावर शेइकांची ती जुनी यंत्रं नाहीशी झाली. कशी, ते राज्यातल्या लोकांनाही उलगडलेलं नाही. त्यापुढचं सगळं चाहत्यांनी रचलेलं आहे.

आणि सातोरी? तो दुसऱ्या भागात दिसतच नाही. (गोवा, तेच वाचक)

दिसतो, पण बोलवावा लागतो. नकाशावर ठिकठिकाणी चेरीची फुललेली झाडं आहेत. बुंध्याशी एक छोटं भांडं असतं, त्यात सफरचंदासारखं फळ ठेवा. सातोरी येतो आणि आसपासच्या गुहांवर उजेडाचे खांब उभे राहतात. ते थोडाच वेळ राहतात, म्हणून फळ ठेवण्याआधी दुर्बिणीतून पिन लावायची सवय करून घ्या आणि खांब दिसताच एकामागून एक पिना टाका. गुहांमधल्या बेडकांकडून एकूण १४७ रत्नं गोळा करायची आहेत, आणि डोंगरकड्याआड दडलेल्या गुहा याशिवाय शोधायच्या म्हणजे फार पायपीट होते.