पळत्या गेममध्ये नजर कुठे ठेवायची

सबवे सर्फर्स या रुळांवर पळायच्या मोबाइल गेममध्ये नवखे आपल्या धावणाऱ्या पोराकडेच बघत राहतात आणि तिथेच आउट होतात. नजर स्क्रीनच्या वरच्या भागात ठेवा, जिथून ट्रेन येताना दिसते. वेग वाढत जातो; अडथळा पायाशी आल्यावर विचाराला वेळ उरत नाही. स्वाइप छोटा, साधारण एक सेंटिमीटरचा. लांब ओढलेलं बोट पुढच्या स्वाइपला उशिरा पोचतं. उडी मारल्यावर हवेतच खाली स्वाइप केलं की पोरगा लगेच जमिनीवर येतो. आधी हे घोटा, नाण्यांचा मोह नंतर. डबल टॅपने होवरबोर्ड (हवेत तरंगणारी फळी) निघतो, 30 सेकंद टिकतो आणि एक धडक झेलतो. तो वेग वाढल्यावर वापरा.

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे खाल्ले असतील तर बोटं पुसून घ्या, तेलकट बोट घसरतं. राजवाड्याकडे जाणाऱ्या बसमध्ये धक्क्याने स्वाइप तिरका जातो आणि उडीऐवजी रूळ बदलतो.

हरलात की लगेच पुन्हा सुरू, चूक अजून डोळ्यांसमोर ताजी. या गेमची खरी ओढ हीच! सरावाला क्रोम ब्राउझरमधला 2014 चा डायनासोर गेम उत्तम: फक्त उडी आणि वाकणं, इंटरनेटही लागत नाही.