फुटवा, खोडवा आणि माग

प्रश्न असा आला आहे : मेरुरज्जूला (पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याला) इजा झाल्यावर पुन्हा वाढणाऱ्या ‘नर्व्ह फायबर’चं ‘ट्रेसिंग’ करतात, त्याला मराठीत ‘पुनरुत्पादक मज्जातंतूंचे अनुरेखन’ म्हटलं तर चालेल का?

‘पुनरुत्पादक’ आधी काढा. वाचून तंतूंना पिल्लं झाली की काय असं वाटतं. प्लॅनेरिया या चपट्या किड्याचा तुकडा पुन्हा पुरा प्राणी होतो, त्याला आपण ‘पुनर्जनन’ म्हणतो; इथेही तोच शब्द. ‘मज्जातंतू’ रुळलेला आहे, पण इथे चेतापेशीच्या एकाच लांब शेपटाबद्दल बोलणं चाललंय, म्हणून ‘अक्षतंतू’ नेमका. ‘शीर’ नकोच. ती रक्ताचीही असते, अवघडून दबते तीही शीरच, आणि टाचेमागची घोडशीर म्हणजे तर स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा.

खरी मेख ‘रीजनरेशन’ आणि ‘स्प्राउटिंग’ या जोडीत आहे. तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढला तर ते पुनर्जनन. शेजारच्या न तुटलेल्या तंतूने बाजूला फांदी काढली तर ते स्प्राउटिंग. दोन्हींना ‘पुनर्वाढ’ म्हणून मोकळं होणारे अनुवाद मी पाहिलेत. ऊसवाल्याला हा फरक सांगावा लागत नाही : उभ्या उसाच्या बुडातून निघतो तो फुटवा, तोडून नेल्यावर राहिलेल्या बुडख्यातून येतो तो खोडवा. ‘खोडवा’ शास्त्रीय लेखात घालायचा धीर मलाही होणार नाही, पण ‘फुटवा’ खुशाल घाला.

हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. उंदराच्या मेंदूतून हालचालींचे हुकूम नेणारे बहुतेक अक्षतंतू मेरुरज्जूत पाठीकडच्या बाजूने उतरतात, थोडे पोटाकडूनही जातात. प्रयोगात पाठीकडचा भाग कापला की हे थोडे शाबूत राहतात. मग जखमेपलीकडे तंतू दिसले की ते नव्याने वाढले असं वाटू शकतं. मज्जासंस्थेचे संशोधक ऑस्वल्ड स्ट्युअर्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या फसगतीवर लेख लिहिला आणि नवा तंतू ओळखायच्या खुणा दिल्या : वाट नेहमीची नाही, वाकडीतिकडी, टोकाला वाढशंकू (वाढत्या तंतूचा शंकूसारखा शेंडा), आणि इजेनंतरच्या दिवसांत जितकं वाढणं शक्य आहे तितकीच लांबी.

आता ‘ट्रेसिंग’. ‘अनुरेखन’ म्हटलं की ट्रेसिंग पेपर आठवतो, दिसणारी रेघ गिरवणं. इथे रेघ आधी दिसतच नाही. बायोटिनिलेटेड डेक्स्ट्रान अमाईनसारखं द्रव्य मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, टोचतात, ते अक्षतंतूतून आपसूक खाली उतरतं, काही दिवसांनी मेरुरज्जूचे पातळ काप काढून रंगवले की तंतू कुठवर गेला ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. याला आपल्याकडे ‘माग काढणे’ म्हणतात. हा माग ‘मार्ग’वरून आला, विणकराचा माग इथे अभिप्रेत नाही, जरी दोन्हीकडे तंतूच असले तरी. द्रव्याला ‘मागद्रव्य’ म्हणता येईल.

तेव्हा : ‘मेरुरज्जूच्या इजेनंतर पुन्हा वाढणाऱ्या अक्षतंतूंचा माग’. आणि जे तुटलेच नाहीत त्यांना ‘बचावलेले’ म्हणा. ‘वाचलेले तंतू’ लिहिलंत तर कुणी वाचले, असं विचारणारा एक तरी भेटेलच.