ख्रिसमसला मेन डिश काय करू?

प्रश्न: आम्ही वांद्र्याचे ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक ख्रिस्ती), २५ तारखेला १० माणसं जेवायला येणारेत, त्यातले चौघं पोर्क खात नाहीत आणि घरात ओव्हनपण नाही. मेन डिश काय ठेवू?

उत्तर: ताई, ओव्हन नाही म्हणून अजिबात वाईट वाटून घेऊ नका, आपली बदकाची मोइली, म्हणजे बदकाचा मसालेदार रस्सा, आहे ना! १० जणांना दोन बदकं लागतील, बॉटल मसाला (आपला बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला), भरपूर कांदा, आलं-लसूण, व्हिनेगर घालून मंद गॅसवर झाकून दीड-दोन तास शिजू द्या, घाई केली तर मांस चिवट राहतं, आणि वर तरंगणारी चरबी थोडी काढून टाका. सोबत गरमागरम फुगे (आपले तळलेले गोल पाव) हवेतच. पोर्कचं आंबट-तिखट सोरपोतेल करायचंच असेल तर दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवा, मुरलं की खरी चव येते, फक्त भांडं वेगळं मांडा.