सोलापुरात उभ्या असणाऱ्या छोट्या विमानाची आत घेता येणारी चाकं दर 100 तासांनीच तपासली तर चालेल का?

नाही, तेवढ्याने भागणार नाही; होटगी रोडच्या विमानतळावर विमान उघड्यावर राहत असेल तर प्रत्येक उड्डाणाआधी चाकांच्या स्ट्रटवरून (चाकाला विमानाशी जोडणारा, धक्का झेलणारा दांडा) फडकं फिरवायलाच हवं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ स्ट्रटच्या चकचकीत पिस्टनवर बसते. विमान टेकताना पिस्टन आत जातो, तेव्हा ही धूळ सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांवर, कानशीसारखी घासते आणि आतलं लाल हायड्रॉलिक तेल गळू लागतं. फडकं त्याच तेलाने ओलसर करा. गाडीचं ब्रेक ऑइल मात्र चुकूनही वापरू नका. पायपर ॲरोसारख्या विमानातली सीलं खनिज तेलासाठी असतात, ब्रेक ऑइलने ती फुगून निकामी होतात. सांध्यांना ग्रीस देताना आधीचं मातकट ग्रीस पूर्ण पुसून काढा, हे फार जण टाळतात.

100 तासांच्या किंवा वार्षिक तपासणीत विमान जॅकवर उचलून चाकं आत-बाहेर करून बघतात. त्याच वेळी आणीबाणीत चाकं सोडण्याची सोयही प्रत्यक्ष चालवून बघा, असा परवानाधारक अभियंत्याकडे आग्रह धरा. एक लक्षात ठेवा: बीचक्राफ्ट बोनान्झासारख्या विमानात चाकं तेलाच्या दाबाने नाही, तर विजेच्या मोटरने हलतात. तिथे स्ट्रटची काळजी हीच, पण मोटर आणि गिअरबॉक्सचं वेळापत्रक त्या विमानाच्या मॅन्युअलप्रमाणेच पाळायचं.