‘रक्तक्षय’ म्हणावं का?

प्रश्न असा: कुष्ठरोगाच्या औषधांबद्दल रुग्णांसाठी पत्रक लिहायचं आहे. डॅप्सोनमुळे होणाऱ्या ‘हिमोलिटिक अ‍ॅनिमिया’ला नुसतं ‘रक्तक्षय’ म्हटलं तर चालेल, की ‘पांडुरोग’ बरा? शिवाय मसुदा वाचून एका आजींनी विचारलं, “म्हणजे या गोळ्यांनी रक्तपिती होते होय?” त्यांना काय सांगायचं?

आधी आजींचं बघू, कारण त्यांचं काहीच चुकलेलं नाही. रक्तपिती हे मराठीत महारोगाचंच जुनं नाव. आयुर्वेदातलं ‘रक्तपित्त’ म्हणजे मात्र नाकातोंडातून, गुदावाटे रक्त पडण्याचा विकार. शब्द मराठीत आला आणि रोग बदलला. या घराण्यात असली अदलाबदल जुनीच. संस्कृतातल्या ‘कुष्ठ’ात त्वचेचे अठरा विकार मावतात. त्यातूनच निघालेला आपला ‘कोड’ पांढऱ्या डागांवर जाऊन बसला, आणि हिंदीतला ‘कोढ’ महारोगावर. तेव्हा याच रोगाच्या पत्रकात ‘रक्त’ने सुरू होणारा जोडशब्द घालताना तो कानाला कसा लागेल, हे आधी बघावं.

‘पांडुरोग’ नको. ‘पांडु’ म्हणजे फिकट खरं, पण वाचणाऱ्याच्या अंगावर आधीच एक फिकट चट्टा आहे. त्याला वाटणार, हे त्या चट्ट्याबद्दलच चाललंय.

‘रक्तक्षय’ चूक नाही, अपुरा आहे. रक्त कमी झालं एवढंच तो सांगतो. कसं कमी झालं ते नाही. (त्यात ‘क्षय’ आहेच. याच उपचारातलं रिफाम्पिसिन क्षयरोगावरही देतात, म्हणजे गोंधळाला आणखी एक दार.) रक्तक्षय म्हटलं की माणूस अशक्तपणा समजतो आणि लोहाच्या गोळ्या आणतो. इथे लोहाची वाण नसते. तांबडी पेशी एरवी साधारण 120 दिवस जगते. डॅप्सोनपासून यकृतात तयार होणारा एक पदार्थ तिला आतून पोळतो आणि ती मुदतीआधीच फुटते. फुटलेल्या पेशीतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. प्रौढांना डॅप्सोन रोज 100 मिलिग्रॅम असतं, आणि हिमोग्लोबिन थोडंसं उतरणं ही त्यावर नेहमीची गोष्ट. हाडांतली मज्जा नव्या पेशी करून बरंचसं भरून काढते. ज्यांच्यात जन्मतःच जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी, त्यांच्या पेशी मात्र भराभर फुटू शकतात.

याला जाणकारांचा शब्द ‘रक्तविलयन’. नेमका आहे, लेखात जरूर वापरा. पत्रकात मी सरळ ‘तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होणं’ असं लिहीन. लांब झालं तर होऊ द्या. ‘फुटणं’ डोळ्यांपुढे उभं राहतं, ‘विलयन’ राहत नाही.

रंगांच्या शब्दांना मी याहून जास्त जपेन. महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन घेतलं की लघवी तांबूस-नारिंगी होते. ‘लाल लघवी’ असं लिहिलंत तर वाचणारा ‘रक्त पडतंय’ असं वाचेल आणि पाकीट बाजूला ठेवेल. तो औषधाचा रंग, एखाद्या दिवसात जातो. पेशी झपाट्याने फुटल्या तर लघवी गडद, काळसर चहासारखी होते. तेव्हा डॉक्टरांकडे जायचंच. म्हणून ‘नारिंगी’ आणि ‘काळसर’ हे दोन शब्द एकमेकांपासून लांब ठेवा, एका वाक्यात नकोत.

तसंच ‘काळवंडणं’. याच उपचारातल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी तांबूस-तपकिरी, पुढे काळसर होते. उपचार संपल्यावर हळूहळू उजळते. डॅप्सोनने कधी ओठ-नखं निळसर पडतात, कारण हिमोग्लोबिनचं रूप बदलून ते प्राणवायू नीट वाहत नाही (मेथहिमोग्लोबिन). दोन्हीकडे ‘रंग बदलतो’ असं लिहून मोकळे होऊ नका. निळसर म्हणजे निळसरच लिहा.

राहिले विरळ प्रकार: डॅप्सोनने पांढऱ्या पेशी एकदम घटणं आणि रिफाम्पिसिनने प्लेटलेट्स उतरणं. त्यांना नावं देऊच नका, खुणा द्या: ताप आणि घसादुखी, किंवा मार न लागता उमटलेले जांभळे डाग.

आजींसाठी माझं वाक्य असं: “रक्तपिती म्हणजे तुमचा मूळ आजार, तो या गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या चालू असताना कधी कधी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं, म्हणून धाप लागली, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी काळसर झाली तर डॉक्टरांना दाखवा.” ‘गोळ्या बंद करा’ असं पत्रकाने सांगू नये, ते डॉक्टर ठरवतील.