तारप्याचा आवाज मोबाईलमध्ये का मरतो? आणि वाचकांचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात जगभरातल्या लोकवाद्यांच्या फील्ड रेकॉर्डिंगबद्दल लिहिलं होतं, म्हणजे वादकाला स्टुडिओत न बोलावता आपणच त्याच्या अंगणात, शेतात, जत्रेत जाऊन केलेलं रेकॉर्डिंग. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. बरेचसे प्रश्न आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच आहेत याचा मला खरंच खूप आनंद झालाय.

प्रश्न: नमस्कार ताई, मी पेठ तालुक्यात शिक्षक आहे, घर नाशिकरोडला. शाळेजवळच्या पाड्यावर दिवाळीच्या सुमारास तारपा (आदिवासींचं भोपळ्याचं फुंकवाद्य) वाजतो, मी मोबाईलवर रेकॉर्ड केला. समोर ऐकताना अंगावर काटा येतो पण मोबाईलवर ऐकलं की पहिले काही सेकंद बरं वाटतं आणि मग आवाज पाण्याखाली गेल्यासारखा होतो. मोबाईल चांगल्यातला आहे, मग असं का?

उत्तर: सर, मोबाईल चांगला आहे म्हणूनच असं होतंय. मोबाईल बनवलाय माणसाच्या बोलण्यासाठी, आणि बोलणं कसं असतं तर तुटक, शब्द मग थांबा मग शब्द. मागे जे काही सलग चालू असतं, पंखा, गाडी, एसी, त्याला मोबाईल 'नॉइज' समजतो आणि आपोआप दाबतो. आता तारपा म्हणजे काय तर न थांबणारा आवाज, तारपकरी गालात हवा साठवून ठेवतो आणि नाकानं श्वास घेता घेता तीच हवा आत सोडत राहतो त्यामुळे सूर कुठे तुटतच नाही. मोबाईलला वाटतं हा पंखाच आहे. दुसरं म्हणजे आवाज मोठा झाला की मोबाईल स्वतःच कमी करतो आणि लहान झाला की वाढवतो, त्यामुळे नाचणाऱ्यांचे पाय, आरोळ्या, तारपा सगळं एका पातळीवर येतं आणि जवळचं-लांबचं काही कळत नाही.

उपाय असा की मोबाईलमधला नेहमीचा व्हॉइस रेकॉर्डर वापरू नका, ज्यात नॉइज रिडक्शन (मागचा आवाज दाबणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद करता येतं असं ॲप घ्या, फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये, 48 किलोहर्ट्झ 24 बिट. ॲपमधलं आवाजाच्या पातळीचं मीटर उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या, वर जागा सोडा. शाळेत चार जणांनी मिळून झूम किंवा टास्कॅम कंपनीचा छोटा हँडी रेकॉर्डर घेतला तर सगळ्यात बरं. माईकवर फोमची टोपी घालाच, डोंगरावरचा वारा माईकवर आदळला की जो घुर्र आवाज येतो तो नंतर काही केल्या जात नाही.

आणि दोनदा रेकॉर्ड करा. एकदा नाच चालू असताना, म्हणजे तारपकरी मध्ये आणि बाकीचे हातात हात घालून गोल, तेव्हा तुम्ही एका जागी उभे राहा, त्याच्यामागे माईक घेऊन फिरू नका. तो तुमच्याकडे वळला की आवाज उजळतो आणि पाठमोरा झाला की मंद होतो, ते तसंच येऊ द्या, ते नाचाचंच रेकॉर्डिंग आहे. दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, सकाळी, तो एकटा बसलेला असताना. माईक ताडाच्या पानांच्या कर्ण्यासमोर सरळ धरू नका, थोडा बाजूला, दीड-दोन हातांवर. म्हणजे बोटांचा आवाज आणि श्वासाची सुसू पण येते आणि मला विचाराल तर निम्मा तारपा त्या श्वासातच आहे.

आता माझी एक चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. काही वर्षांपूर्वी हरसूलच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांचा तारपा मी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केला, आवाज स्वच्छ आला, मी खूश होऊन घरी आले. नंतर ऐकताना लक्षात आलं की त्यात बाबांचा बोलण्याचा आवाजच नाही. हा तारपा कुणी बांधला, भोपळा कुठला, ही चाल कधी वाजवायची, कुणाकडून शिकलात, काहीच विचारलेलं नाही. पुन्हा गेले तेव्हा बाबा नव्हते. चाळीस मिनिटं सूर आहे माझ्याकडे पण त्या चालींना नावच नाही. म्हणून हात जोडून सांगते, रेकॉर्ड सुरू केलं की पहिल्यांदा तारीख, गाव, पाडा, वादकाचं पूर्ण नाव मोठ्यानं बोला, आणि वाजवून झालं की लगेच बंद करू नका, गप्पा मारा. वाळलेल्या दुधी भोपळ्याला मेणानं नळ्या कशा बसवतात, आतली बांबूची जिभली कशी तासतात, ती ओली झाली की काय करतात, हे सगळं त्यांच्या तोंडून, त्यांच्या बोलीत येऊ द्या.

याचं एक फार सुंदर उदाहरण इटलीतलं आहे. सार्डिनिया बेटावर लाऊनेद्दास नावाचं वाद्य आहे, बोरूच्या तीन नळ्या एकदम तोंडात धरून वाजवायच्या, एक नुसता सूर धरते आणि दोनांवर बोटं चालतात, आणि श्वासाची युक्ती हुबेहूब आपल्या तारप्याची. डेन्मार्कचा आंद्रेआस बेंत्झोन हा तरुण अभ्यासक 1957-58 मध्ये टेपरेकॉर्डर घेऊन तिथे राहिला, 1962 ला परत गेला, आणि त्यानं नुसतं वाजवणं नाही तर कोण कुणाचा शिष्य, कुठला नाच कुणाचा, हे पण टिपून ठेवलं. तुम्ही तर पाड्याशेजारीच राहता सर, रोज ज्या मुलांना शिकवता त्यांचे आजोबाच वाजवतात, बेंत्झोनला जे परक्या देशात जाऊन मिळवावं लागलं ते तुमच्या ओसरीवर आहे. आणि जाताच आहात तर सुरगाण्याकडे थाळगान पण ऐका, थाळीत मेणानं एक काडी उभी करतात आणि त्या काडीवरून बोटं ओढत राहिलं की थाळी गुणगुणायला लागते आणि त्या सुरावर रात्रभर कथा चालते. हे रेकॉर्ड करताना गावातला प्रत्येक पंखा आणि बोअरची मोटर बंद करून घ्या, इतका नाजूक आवाज आहे तो.

प्रश्न: आफ्रिकेतल्या एंबिराचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं. सूर गोड आहेत पण सगळीकडे करकर-झणझण येतेय, जुनी टेप खराब झाली असेल का? एखाद्या सॉफ्टवेअरनं साफ करता येईल का? (कॉलेज रोड)

उत्तर: कृपा करून साफ करू नका! ती करकर मुद्दाम केलेली आहे. एंबिरा झिम्बाब्वेतल्या शोना लोकांचं वाद्य, लाकडाच्या फळीवर लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी आणि एका बोटानं छेडायच्या, आणि फळी मोठ्या भोपळ्यात बसवतात म्हणजे आवाज घुमतो. त्या फळीला आणि भोपळ्याला शिंपले लावायचे, आता बाटल्यांची झाकणं लावतात, त्यांचा तो झणझणाट. पूर्वजांना बोलवण्याच्या रात्री हे वाजतं आणि त्या आवाजाशिवाय वाद्य त्यांना अपुरं वाटतं. आपल्याकडे तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतात की नाही, तार नुसती टणटण वाजली तर आपणच म्हणतो जवारी उघडलेली नाही, तसंच समजा. दक्षिण आफ्रिकेत ह्यू ट्रेसी नावाच्या माणसानं आयुष्यभर फिरून असली वाद्यं रेकॉर्ड केली आणि 1954 मध्ये त्यासाठी आफ्रिकन संगीताची एक लायब्ररीच काढली, ती रेकॉर्डिंग ऐका, करकरीसकट.

प्रश्न: आमच्या जुन्या नाशकातल्या घरी आजोबांच्या काळातली गोंधळाची कॅसेट सापडली, साठ मिनिटांची. प्लेअरमध्ये घालायची भीती वाटते. काय करू?

उत्तर: भीती वाटतेय ते बरंच आहे. सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या चिमुकल्या चौकोनी पट्ट्या असतात त्या शाबूत असतील तर पेनाच्या टोकानं तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी वर दुसरं काही चढणार नाही. मग टेपच्या मागे नमद्याचा छोटा तुकडा दिसतो का बघा, वर्षांनुवर्षांनी त्याचा गोंद सुटतो आणि तो पडला असेल तर आवाज नीट येत नाही आणि लोक समजतात कॅसेट मेली. टेपवर पांढरी बुरशी असेल तर वाजवू नका, जाणकाराकडेच द्या. ठीक दिसत असेल तर प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कॅसेट एकदा हळू पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्या, आणि पहिल्या फटक्यातच कॉम्प्युटरवर घ्या, 24 बिट वेव्ह, मध्ये थांबवू नका, कोणताही इफेक्ट लावू नका. संबळाचा घुमारा कमी वाटला तरी तसाच ठेवा, सजवायची कॉपी नंतर वेगळी करा. मूळ फाईल तीन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, मावशीकडे किंवा भावाकडे.

आणि घरातल्या थोरल्या माणसांना सोबत बसवून ऐका. संबळ कोण वाजवतंय, तुणतुण्यावर कोण, गोंधळ कुणाच्या लग्नानंतरचा, मागे हसतंय ते कोण, हे ज्यांना ओळखू येईल ती माणसं आज आहेत. त्यांचं ते बोलणं पण मोबाईलवर घेऊन ठेवा, त्यालाच कॅसेटची खरी चिठ्ठी समजा.

प्रश्न: नाशिक ढोल फील्ड रेकॉर्डिंगमध्ये धरतात का, की तो मिरवणुकीचा म्हणून सोडायचा? (सातपूर)

उत्तर: का सोडायचा? मिरवणूक हेच त्याचं फील्ड. फक्त ढोलाच्या पुढ्यात उभं राहून घेऊ नका, आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज परत जोडता येत नाही. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून घ्या, गेन कमी ठेवा आणि पथक लांबून येतंय तेव्हापासून ते वळणाआड जाईपर्यंत सलग चालू ठेवा.

प्रश्न: मी म्युझिक प्रोड्युसर आहे. आदिवासी वाद्यांचं रेकॉर्डिंग करून त्याचे लूप्स (पुन्हा पुन्हा वाजवायचे छोटे तुकडे) माझ्या ट्रॅकमध्ये वापरायचे आहेत. पारंपरिक चाल आहे म्हणजे कॉपीराइट नाही ना?

उत्तर: चालीला एक मालक नसेल पण वाजवणाऱ्याला हक्क आहे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क वेगळा धरलाय आणि तो 50 वर्षं टिकतो, त्याला न विचारता रेकॉर्ड करणं आणि विकणं दोन्ही चुकीचं. त्यामुळे आधी सांगा की हे कुठे वापरणार आहात, ऐकवून दाखवा, पैसे ठरवा, त्यांना वाचता येत नसेल तर संमती त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करा, आणि ट्रॅकखाली नाव, गाव लिहा. 'ट्रायबल फ्लूट' असं लिहू नका, त्या माणसाला नाव आहे आणि वाद्यालाही नाव आहे. काही चाली फक्त देवाच्या किंवा मयताच्या वेळच्या असतात, त्या द्यायला कुणी नाही म्हणालं तर तिथेच थांबा, दुसऱ्या पाड्यावर जाऊन तीच चाल मागू नका. मला याबाबत थोडंही मागेपुढे करता येत नाही.

प्रश्न: जगातलं सगळ्यात पहिलं फील्ड रेकॉर्डिंग कोणतं? (अकरावीतली विद्यार्थिनी, इंदिरानगर)

उत्तर: साधारण असं मानतात की 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेत मेन राज्यात पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी एडिसनच्या फोनोग्राफवर घेतल्या ते. मेणाचा सिलेंडर असायचा आणि त्यावर दोन-चार मिनिटंच मावायची. पुढे व्हिएन्नात 1899 ला आणि बर्लिनमध्ये 1900 ला आवाजांची संग्रहालयं निघाली, आणि हंगेरीत बेला बार्तोक हा मोठा संगीतकार 1906 पासून तेच यंत्र घेऊन खेड्याखेड्यात फिरला. तुझ्या मोबाईलमध्ये तासन्‌तास मावतात बाळा, घरातूनच सुरुवात कर.

प्रश्न: माझी आई 81 वर्षांची आहे, सिन्नरला असते. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत. पण तुमचा विषय वाद्यांचा, जातं काही वाद्य नाही, तरी विचारते, रेकॉर्ड करण्यासारखं आहे का?

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. जातं वाद्य नाही असं कोण म्हणालं? खालची तळी स्थिर, वरची फिरते, घरघर सलग चालू आणि मूठ पडली की ती जराशी जड होते, त्या सुरावर आणि त्या फेऱ्यावरच ओवी बसते. जातं काढून ओवी म्हणायला लावली की आपल्या आया अडखळतात, मी स्वतः बघितलंय, हात फिरला की शब्द आपोआप येतात. पुण्यातून गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कित्येक रेकॉर्डिंगसकट आज इंटरनेटवर ऐकता येतात, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया म्हणजे पारी, तिथे बघा आणि आईंना ऐकवा. आपल्यासारख्याच बायकांचा आवाज ऐकला की त्यांना आणखी आठवतील.

मग एक दिवस सकाळी लवकर जा, रस्ता जागा व्हायच्या आत. जातं खरंच मांडा, बाजरी घाला, रिकामं फिरवू नका कारण रिकाम्या दगडाचा आवाज वेगळा आणि कर्कश येतो. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, पण जमिनीवर ठेवू नका, दगडाची थरथर त्यात शिरते, पाटावर चौघडी घातलेलं गोधडं ठेवा आणि त्यावर ठेवा, आईच्या तोंडापासून हातभर लांब. गाणाऱ्यासोबत दुसरं कुणी दळायला बसायचं ही जुनी रीत आहे म्हणून तुम्ही समोर बसा, खुंट्याला हात लावा. पहिली ओवी देवाची असेल, ती झाली की त्या थांबतील आणि म्हणतील आता काय म्हणू गं. तेव्हा काही सुचवू नका, फक्त जातं फिरवत राहा.